कारणाचा रकाना

धर्माण्णांच्या वहीत चार रकाने असत. गाडी, वेळ, उशीर, कारण. पहिले तीन कुठल्याही बसस्टँडवरचा कुठलाही कंट्रोलर भरतो. चौथ्यात बहुतेक जण 'ट्रॅफिक' आणि 'मेकॅनिकल' हे दोन शब्द आलटून पालटून लिहून मोकळे होतात. धर्माण्णांना ते पाप वाटे.

"कारण न लिवता नुसता उशीर लिवणं म्हंजे चहाडी," ते म्हणत. "उशीर सांगितला की माणूस बदनाम होतो. कारण सांगितलं की माणूस कळतो."

त्यामुळे त्यांच्या चौथ्या रकान्यात जे सापडे ते कुठल्याच सरकारी कागदावर सापडणार नाही. 'म्हैस, काळी, उठेना.' 'कंडक्टरच्या पोटात दुखणं, खरं.' 'कंडक्टरच्या पोटात दुखणं, खोटं.' एका लग्नसराईत हुमनाबादची गाडी पाऊण तास थांबली होती. त्या ओळीत कारण होतं, 'नवरी रडायची थांबेना. बरोबर हाय तिचं.'

इतक्या वर्षांच्या त्या वह्यांमध्ये कारणाचा एकच रकाना मोकळा राहिला होता, आणि तो माझ्यामुळे.

आमचा डेपो सीमेपलीकडे, कन्नड मुलखातल्या एका तालुक्याच्या गावात होता. तिथून एक लाईन बीदर, हुमनाबाद, गुलबर्ग्याकडे जाई आणि दुसरी औरादकडे, तिथून पुढे महाराष्ट्रात. धर्माण्णा मूळचे मेहकरचे, आडनाव सूर्यवंशी. बुटके, ताठ, खाकी कपड्यांना कडक इस्त्री. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. का, तर "येळ बघताना समोरच्याला दिसू नये, त्याला घाई होती." खिशाला पेन एकच. कुणी मागितलं तर पेन देत, पण टोपण स्वतःकडे ठेवून घेत. पेन हमखास परत येई. "टोपनाबगर पेन कुणाच्या खिशात राहत न्हाई," हा त्यांचा शोध. मला तेव्हा तो विनोद वाटे.

त्यांचा खरा संसार माईकशी होता. स्टँडवर चार भाषांची माणसं येत, आणि धर्माण्णा प्रत्येक भाषेत निराळे होत. कन्नडमध्ये 'प्रयाणिकरे' अशी भारदस्त सुरुवात करून शाळेच्या पुस्तकासारखं बोलत. औरादच्या बाजूची तेलुगू माणसं दिसली तर दोन मऊ वाक्यं तेलुगूत. दख्खनीत लाडीगोडी, "चलो भई चलो, गाडी खडी है, नखरे नक्को." आणि मराठीत मात्र सरळ घरच्यासारखं रागावणं. "कमठाण्याच्या आक्का, ओ हिरव्या लुगड्याच्या आक्का! गाडी तीन नंबरला लागलीय, तुमी दोन नंबरवर बसून काय करायलाव?" आक्का तिथूनच ओरडत, "आले रं बाबा, वरडू नकोस!" आणि माईकवरून उत्तर येई, "वरडायचाच पगार हाय आक्का मला."

नियमात हे बसत नव्हतं. पण धर्माण्णांच्या पाळीत कुणाची गाडी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "अण्णा, एवढ्या लोकांसमोर बोलायची भीती नाही वाटत?"

"माझा बाप मेहकरात दवंडी द्यायचा," ते म्हणाले. "आवाज त्याचा, हुकूम दुसऱ्याचा. वेशीत हुबा राहून वरडायचं आन् भाकर मागून आनायची. छप्पन्न सालानंतर बुद्धाला शरन गेला तवा म्हनला, आता न्हाई. गावानं लई बोलून बघितलं. न्हाई म्हंजे न्हाई. मग म्यां मैसूर स्टेटाच्या बसखात्यात भरती झालो, ह्या खुर्चीत बसलो, वर फॅन, पुढं माईक. आता बी वरडतोच. पर बिरादार, आता बसून वरडतो!" आणि मांडीवर थाप मारून हसले.

मी हसलो, पण अर्धवट. आमचं गाव मेहकरपासून दोन कोसांवर. त्यांच्या घरात दवंडी देणारे होते, आमच्या घरात द्यायला सांगणारे. हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या डेपोत कॉम्प्युटर आला. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा क्लार्क होतो. मला बेंगळुरूला प्रशिक्षणाला पाठवलं गेलं आणि परत आलो तो 'कॉम्प्युटर इन्चार्ज' होऊन. पार्सलखोलीच्या शेजारची खोली रंगवली, खिडक्यांना पडदे लावले, कूलर बसवला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम मीच केला. मॅनेजरसाहेबांनी नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू वाहिलं. सगळे हात जोडून उभे होते. धर्माण्णा मागून म्हणाले, "साहेब, कुंकू फटीतनं आत गेलं तर चालतंय का?" मॅनेजरसाहेबांचा हात तसाच थांबला. मग धर्माण्णा चपलांकडे बघत मला हळूच म्हणाले, "म्यां देवळात जातच न्हाई, म्हनून कधी चप्पल काढायची पाळी आली न्हाई. तुमी काढायला लावली बघा."

कामाची विभागणी साधी होती. मशीनमध्ये माहिती साठवणारी चकती असते. आमच्या चकतीचे दोन भाग केलेले होते. पहिल्या भागात बीदर लाईनच्या गाड्या, ड्युट्या, टायर, किलोमीटर. तो भाग भरत आला तेव्हा औराद लाईन मी दुसऱ्या भागात घालायला सुरुवात केली. आणि मशीन हट्टाला पेटलं. चांगलं चालता चालता गोठायचं. पडद्यावरचा हिरवा ठिपका लुकलुकायचा थांबे, बटणं दाबून उपयोग नसे. बंद करून पुन्हा सुरू केलं की मघाशी भरलेल्यातलं निम्मं गायब, आणि उरलेल्यात औरादच्या गाडीला भलत्याच ड्रायव्हरचं नाव. खोलीबाहेर माणसं जमत. मी खिडकीचा पडदा ओढून घेई.

शेवटी मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हैदराबादहून आला. त्याला परतीची गाडी गाठायची होती. त्याने झाकण उघडलं, दोनदा मशीन चालू-बंद केलं आणि हात झटकत म्हणाला, "कंट्रोलर गया होगा. नै तो ड्रायव्हर. रिपोर्ट भेजो, देखेंगे."

चकती आणि मशीन यांच्यामध्ये एक हिरवी पट्टी असते. चकतीवरचं काय कधी आणायचं, कुठे ठेवायचं, हे ती ठरवते. तिला डिस्क कंट्रोलर म्हणतात. आणि ती चकती वाचायची कशी, हे मशीनला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. मला हे माहीत होतं. म्हणून मी रुबाबात इंग्रजीत विभागीय कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे. 'कंट्रोलर इज फॉल्टी अँड मे बी रिप्लेस्ड. ड्रायव्हर इज ऑल्सो डाउटफुल.' खाली सही, खाली हुद्दा.

बस चालवणाऱ्या खात्यात हे वाक्य लिहिताना माझ्या हाताला काही वाटलं नाही.

आठवड्याभराने मेमो आला. कन्नडमध्ये, शिक्क्यासह. कॉम्प्युटर यंत्रणेत बिघाड होण्यास कंट्रोलर श्री. डी. सूर्यवंशी कारणीभूत असल्याचे कळवण्यात आले असून, त्यांनी पंधरा दिवसांत खुलासा सादर करावा, तोवर त्यांना माईकवरून हलवून पार्सलखोलीत बसवावे. शिवाय, सदर संशयास्पद ड्रायव्हरचे नाव डेपोने ताबडतोब कळवावे.

कँटीनमध्ये हाहाकार उडाला. मेहकर गाडीचे ड्रायव्हर खाजाभाई छातीवर हात मारून सांगू लागले, "अल्ला कसम, मैं उस डब्बे कू हात बी नै लगाया! दूर से सलाम करके जाताऊं रोज!" दुसरा म्हणाला, "तुम्हीच असणार खाजाभाई, परवा त्या खोलीच्या भिंतीला टेकून बिडी प्यायलालाव."

सगळे हसत होते. धर्माण्णा हसत नव्हते. मेमो घडी करून खिशात ठेवत ते एवढंच म्हणाले, "पहिला हाय." एवढ्या नोकरीत त्यांच्या सर्विस रजिस्टरात एकही मेमो नव्हता. मेहकरात त्यांच्या वस्तीतल्या पोरांना नोकरीला लागताना तेच उदाहरण देत. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. कोरं रजिस्टर कोरंच घेऊन घरी जायचं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती.

माझं पत्र आणि तो मेमो, दोन्ही वाचून घोटाळा कळलेला माणूस सगळ्या डेपोत एकच होता. मी. त्याच दिवशी एक ओळ लिहिली असती तर संपलं असतं. मी लिहिली नाही. का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. वरच्यांना कन्नडमध्ये 'तुम्ही चुकीचं वाचलंत' कसं सांगायचं, हे एक. सांगितलं तर लगेच पुढचा प्रश्न येणार, मग बिघाड नेमका कुठे आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे दुसरं. पण तिसरंही आहे. खापर माझ्या डोक्यावरून दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलं, याचं मला बरं वाटलं होतं. आणि ते ज्याच्या डोक्यावर गेलं त्याचं आडनाव माझ्या मनात कुठेच नव्हतं, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

माईकवर बदली माणूस बसला. तो नियमाप्रमाणे बोले, तीन भाषांत एकाच आवाजात, आणि कुणालाच काही कळत नसे. कमठाण्याच्या आक्का दोन नंबरवर बसून राहिल्या, त्यांची गाडी गेली, आणि त्यांनी पार्सलखोलीत येऊन धर्माण्णांनाच झापलं. "कामून गप बसलास? तोंड आलंय का तुझं?"

चौथ्या दिवशी धर्माण्णांनी मला पार्सलखोलीत हाक मारली. बोंबलाच्या आणि आंब्याच्या पेट्यांमध्ये बसले होते. "बसा बिरादार. त्या मशीनचं आन् माझं काय नातं हाय, तेवढं सांगा. खुलासा लिवायचाय. ज्याला म्यां शिवलो बी न्हाई, त्याला बिघडवलं कसं, हे मला बी कळाया पाहिजे."

मग मी सांगितलं. मशीनच्या आत कंट्रोलर नावाची एक पट्टी असते, मी तिच्याबद्दल लिहिलं होतं, वर घोटाळा झाला. मान वर न करता बोललो. मला वाटलं, आता हा माणूस पेटी फेकून मारेल.

धर्माण्णांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी बोंबलाच्या पेटीवर डोकं टेकलं. "म्हंजे आत माझ्या नावाचा पत्रा हाय? आन् त्याचा मेमो मला? अरे देवा! न्हाई, देव न्हाई. अरे बाबा!" मग डोळे पुसून म्हणाले, "करतो काय तो पत्रा?"

"कुठली माहिती कुठं ठेवायची, कुठून कधी आणायची, ते बघतो. सगळी ये-जा त्याच्या हातून."

"आन् डायव्हर?"

"रस्ता त्याला माहीत. तो नसला तर मशीन तिथं पोचत नाही."

"म्हंजे आत बी स्टँडच हाय की!" त्यांचा चेहरा पोरासारखा उजळला. "मग लिवा ना वर, दोन कंट्रोलर हायेत म्हनून."

"आधी बिघाड सापडू द्या, अण्णा," मी म्हणालो. "नुसतं लिहून मानणार नाहीत."

हे खोटं होतं. मानलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मनगट फिरवून घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं. मग शोधू. अकरा दिस हायेत."

दुसऱ्या दिवसापासून पार्सलचं काम आटोपलं की ते चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत येत आणि माझ्यामागे स्टूल टाकून बसत. नवी वही. रकाने तेच, फक्त 'गाडी'च्या जागी 'काम'. मी काय करतोय ते मी मोठ्याने सांगायचं, ते लिहायचे. मशीन गोठलं की घड्याळ बघून वेळ टाकायचे. कारणाचा रकाना तेवढा मोकळा सोडायचे. "सापडल्यावर एकदम लिवू." मी चिडलो, कूलरवर खापर फोडलं, विजेवर फोडलं. ते प्रत्येक गोष्ट टिपत. कूलर बंद, तरी गोठलं. वीज चांगली, तरी गोठलं. मध्येच म्हणत, "मशीन घुरायलंय बघा, गोठायच्या आधी. आपल्या खटाऱ्यावानी." आणि खरंच, गोठण्याआधी चकतीतून खरखर येई. मी इतके दिवस तिच्याजवळ बसून ती ऐकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर धरली.

"वाचा. बीदर लाईन, चाललं. बीदर लाईन, चाललं. औराद लाईन, थांबलं. हुमनाबाद, चाललं. औराद, थांबलं. औराद, थांबलं. गुलबर्गा, चाललं. बिरादार, हे मशीन औरादलाच कामून थांबतंय?"

ते बोटाने वहीवर ठोकत राहिले. "कंट्रोलर बिघडला तर सगळ्या लाईनी बोंबलतील. एकच लाईन बोंबलायली तर कंट्रोलर चांगला हाय." त्यांना स्वतःच्याच वाक्याची गंमत वाटली. "दोन्ही कंट्रोलर चांगले हायेत! आता ऱ्हायला डायव्हर. रस्ता तोच, गाडी तीच, तर मग म्यां गाडीला इचारीत न्हाई. म्यां इचारतो, डायव्हर कधी बदलला?"

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. कूलर चालू असून.

बेंगळुरूहून येताना एका मित्राकडून मी एक फ्लॉपी आणली होती. तीत त्याच ड्रायव्हरची नवी आवृत्ती होती. मशीन आणखी वेगाने चालेल, असं तो म्हणाला होता. कंपनीने बसवलेला ड्रायव्हर काढून मी तो घातला, कुणालाही न विचारता. आठ-दहा दिवस काही बिघडलं नाही, कारण चकतीच्या दुसऱ्या भागाला तोवर हातच लागला नव्हता. त्या दुसऱ्या भागातल्या खोल्या नवा ड्रायव्हर निराळ्या मापाने मोजत होता. मी ठेवायला सांगे एका खोलीत, तो नेऊन टाकी दुसरीत. औरादची गाडी म्हणूनच थांबत होती.

"बदलला नाही," मी म्हणालो. "कंपनीनं दिलेलाच आहे."

धर्माण्णांनी पेन उघडलं. रकान्यावर टेकवलं. मग टोपण लावलं आणि वही मिटली. "ऱ्हाऊ द्या मोकळा. तुमचं अक्षर बरं हाय, सवडीनं लिवा तुमी."

ते गेल्यावर मी कंपनीची जुनी फ्लॉपी काढली, जुना ड्रायव्हर घातला, चकतीचा दुसरा भाग पुसून नव्याने आखला. मशीन लोण्यासारखं चालू लागलं. औराद लाईनची सगळी माहिती मात्र गेली होती. सकाळी मी धर्माण्णांना म्हणालो, "अण्णा, चालतंय. पण औरादचं सगळं परत भरावं लागेल."

त्यांनी का आणि कसं हे विचारलं नाही. जुन्या वह्यांचा गठ्ठाच आणला. दोन दिवस ते वाचत होते, मी भरत होतो, आणि आमच्या खोलीत इतकं हसू कधीच नव्हतं. कारण धर्माण्णा नुसत्या वेळा वाचून दाखवायला तयार नव्हते. "औराद, सकाळची. उशीर वीस मिनिटं. कारण लिवा, बाजाराचा दिस, बकरं गाडीत चढलं, उतरंना." मी म्हणे, "अण्णा, मशीनमध्ये कारणाला जागाच नाही." "मग कसलं मशीन घेतलंय हे? उशीर झाला म्हनतंय आन् कारण ऐकत न्हाई. विभागीय ऑफिसच की हे!" दारात मॅनेजरसाहेब उभे होते. त्यांना मराठी बेताचं यायचं, पण तेही हसले.

मग मी वर पत्र लिहिलं. कंट्रोलर हा मशीनचा एक भाग असून त्याचा श्री. सूर्यवंशी यांच्याशी संबंध नाही, हे स्पष्ट केलं. बिघाडाचं कारणही लिहिलं. पाठवण्याआधी धर्माण्णांनी ते मराठीत सांगायला लावलं.

"'...ड्रायव्हर बदलला गेल्यामुळे बिघाड झाला होता, तो दूर करण्यात आला आहे.'"

"बदलला गेला?" त्यांनी मान तिरकी केली. "आपूआप?"

मी पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.

"म्यां म्हनतो, इंग्रजी भाषा लई चांगली हाय. कुनीच काय करत न्हाई तिच्यात, सगळं होतं." एवढं बोलून त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. त्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी पत्र तसंच पाठवलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मेमो रद्द झाल्याचा कागद आला. रजिस्टर कोरं राहिलं. मला वरून शाबासकीचं पत्र आलं. ते मी कपाटात उलटं ठेवलं.

धर्माण्णा माईकवर परतले त्या सकाळची त्यांची पहिली घोषणा मी माझ्या खोलीतून ऐकली. आधी कन्नड, मग दख्खनी, मग मराठी. "सगळ्या प्रवाशांना कळवन्यात येतंय की कंट्रोलर चांगला हाय. कमठाण्याच्या आक्कांनी तीन नंबरवर यावं." स्टँडवर टाळ्या पडल्या. टाळ्या का वाजवतोय हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

पुढचं वर्षभर ते रोज भेटत, चहा पाजत, मशीनची चौकशी करत. "काय म्हनतोय माझा नावभाऊ?" त्या नव्या वहीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. एकदा मी सही करायला पेन मागितलं. त्यांनी दिलं, टोपण ठेवून घेतलं. तेव्हा पहिल्यांदा मला ते टोपण विनोद वाटलं नाही.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. स्टँडवरच हार, पेढे, मॅनेजरसाहेबांचं छोटं भाषण. धर्माण्णांनी हट्टाने शेवटची घोषणा स्वतःच केली, आणि ती स्वतःच्याच गाडीची होती. "मेहकर, पाच पाच. धर्मा सूर्यवंशी यांनी गाडीत बसून घ्यावं." मग खुर्चीला हात लावून ते उठले आणि जाऊन खिडकीशी बसले, मांडीवर वह्यांची पिशवी. ड्रायव्हरच्या जागेवर खाजाभाई होते. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "बिरादार, दोन शब्द तुम्ही माईकवर बोला."

मी कागद लिहून आणला होता. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके. माईकसमोर उभा राहिलो. समोर भरलेलं स्टँड, बाजाराहून परतणारी माणसं, डोक्यावर टोपल्या. खिडकीतून ते माझ्याकडे बघत होते, मनगट आत वळवलेलं. कागद माझ्या हातातच राहिला.

"धर्माण्णा," मी म्हणालो, आणि माझा आवाज सगळ्या स्टँडवर घुमला. "ड्रायव्हर मी बदलला होता. आपोआप नाही. मी बदलला. आणि तुमच्यासमोर खोटं बोललो."

मग एकच गलका.

"डायव्हर बदलला? मेहकरच्या गाडीचा?"

"आता कोन नेणार गाडी?"

"उतरा, उतरा, गाडी जात न्हाई म्हनतेत!"

चार-पाच जण खरंच उतरले. एका म्हातारीने खिडकीतून गाठोडं बाहेर टाकलं. खाजाभाईंनी अर्धं अंग बाहेर काढून हात उंचावले. "अरे, मेरेकू कौन बदल्या जी? मैं तो यांच बैठाऊं! धर्माण्णा, ये लोगां फिर चालू कर रैं देखो!"

आणि त्या सगळ्या गोंधळाच्या मधोमध धर्माण्णा पार्सलखोलीत हसले होते तसेच हसत होते. खांदे हलवत, कपाळ खिडकीच्या गजाला टेकवून. मी माईक सोडून धावत गाडीपाशी गेलो. लोक पुन्हा चढेपर्यंत, म्हातारीचं गाठोडं आत जाईपर्यंत वेळ गेला. धर्माण्णांनी डोळे पुसले, पिशवीतून वर्षभरापूर्वीची ती वही काढली आणि नेमकं ते पान उघडलं. खूण घालून ठेवलेलं होतं.

"सांगितलंत ते आता लिवा," ते म्हणाले आणि वही व पेन खिडकीतून बाहेर दिलं. टोपणासकट.

मी गाडीच्या पत्र्यावर वही टेकवली आणि मोकळ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. अक्षर अजिबात बरं आलं नाही. वही परत दिली. पेन पुढे केलं, तर ते घेईनात.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. माझी लिवायची नोकरी संपली." मग सवयीने मनगट आत वळवून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पाच बारा! सात मिनिटं उशीर, बिरादार! नव्या कंट्रोलरला कारण काय सांगनार?"

"मी," मी म्हणालो. "मी म्हणून सांगतो."

"लिवून द्या," ते म्हणाले आणि खिडकीवर दोन थापा मारल्या. "चलो खाजाभाई."

गाडी वळणापर्यंत गेली तेव्हा त्यांचा हात खिडकीबाहेर होता. निरोपाचा नव्हता तो. पाठीमागून येणाऱ्या औरादच्या गाडीला ते बाजूने पुढे जायला सांगत होते.